अकरावी ओळ

प्रश्न कोणताही असो, आमचा ड्रॉइंगचा सर आधी उजव्या हाताची पाचही बोटं पसरायचा. मग करंगळीपासून एकेक बोट मिटत जायचा, आणि जे बोट मिटायला तयार नसेल तिथे थांबून म्हणायचा, "कमीतकमी कितीत भागते, ते पाह्यलं का?"

तुमच्याही ऑफिसात, गल्लीत असा एखादा माणूस असेल. सगळे त्याच्याबद्दल चांगलं बोलतात आणि आपल्याला ते ऐकवत नाही. आपण मान डोलावतो आणि आत पोटात दुखत असतं. मी त्या माणसाशेजारी, स्टाफरूममधल्या एकाच लांब टेबलाशी, एकवीस वर्षं बसलो. खरं तर त्याला 'ते' म्हणायला हवं, दीड वर्षाने मोठा होता माझ्याहून. पण ज्याच्यावर माणूस एकवीस वर्षं जळतो, त्याला मनातल्या मनात कोण 'ते' म्हणतो हो? तोंडावर मात्र मी कायम 'सर' म्हणत आलो. तोही मला 'सर'च म्हणे.

आमची शाळा अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पल्याड. मी गणिताचा. एम.एस्सी., फर्स्ट क्लास. हे मी पहिल्याच भेटीत सांगतो; तुम्हालाही सांगून टाकलं. तो भातकुलीचा. त्याचा बाप दुकानांच्या पाट्या आणि बैलगाड्यांची साटं रंगवायचा. घरात रंगाचे डबे तीनच, लाल, पिवळा, निळा. बाप म्हणे सांगायचा, "बाकीचे रंग डब्यात नसते बेटा, हातात असते." हे वाक्य मी त्याच्या तोंडून निदान पन्नास वेळा ऐकलं असेल, आणि दर वेळी समोरचा माणूस "वा!" म्हणायचा. माझा बापही बऱ्याच गोष्टी बोलायचा, पण त्याला कुणी वा म्हणाल्याचं मला आठवत नाही.

सगळ्याच बाबतीत त्याचं हे असं. गॅदरिंगला जंगलाचा पडदा रंगवायचा होता. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, रंगांची हातभर यादी करून दिली. त्याने ती घडी घालून खिशात ठेवली आणि नीळ अन् हळद्या रंग एवढ्या दोनच पुड्यांत अख्खं जंगल उभं केलं. रजेचा अर्ज एका ओळीचा. चहात साखर अर्धा चमचा. सहकाऱ्याच्या निरोपाच्या भाषणात सगळे वीस-वीस मिनिटं दळण दळत, हा उठून म्हणाला, "सर चांगले होते. राहतीनच." आणि बसला. निरोप घेणारा माणूस माझं भाषण संपेपर्यंत घड्याळ बघत होता. याच्या चार शब्दांना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढं मी सहन केलं असतं. चित्रकलेचा माणूस आहे, आपल्या वाटेला जात नाही, म्हणून सोडून दिलं असतं. पण एका वर्षी तो माझ्या वाटेला आला.

परीक्षेत पोरं फार कॉप्या करत होती. मोठ्या बाईंनी ठरवलं की हॉलमध्ये एकेका बाकावर एकेक पोरगं बसवायचं आणि प्रश्नपत्रिकांचे वेगवेगळे संच काढायचे. कुठल्याही पोराच्या पुढे, मागे, बाजूला किंवा तिरप्यात बसलेल्याकडे त्याच संचाचा पेपर असता कामा नये. "किती संच लागतील सर?" असं त्यांनी मला विचारलं. मी फळ्यावर एक चौकट आखली आणि जागच्या जागी सांगितलं, "मधल्या पोराला आठ शेजारी. नववा तो स्वतः. नऊ संच." आकडा कसा ठणठणीत वाजला पाहिजे, तसा वाजला. बाईंनी सूचना काढली की प्रत्येक विषयाचे नऊ पेपर काढा.

स्टाफरूममध्ये हाहाकार उडाला. हिंदीच्या बाई तर रडकुंडीला आल्या, म्हणाल्या एक निबंधाचा विषय सुचेना, नऊ कुठून आणू? तिसऱ्या दिवशी हा ड्रॉइंगचा माणूस हातात खडू घेऊन माझ्याजवळ आला आणि त्याने बोटं पसरली.

"सर, नऊ कायले? कमीतकमी कितीत भागते, ते पाह्यलं का?"

"मग तुम्ही सांगा," मी म्हणालो. सूर कसा होता ते तुम्ही ओळखलंच असेल.

त्याने व्हरांड्यातून चार पोरं बोलावली. दोन पुढे, दोन मागे, अशी चिकटून उभी केली. "हे पाहा, चारही एकमेकांचे शेजारी हायेत. कोणाचाच पेपर कोणासारखा नाई पाहिजे. म्हंजे तीनात तं भागूच शकत नाई. आता चारात भागते का?" मग बाहेर व्हरांड्याच्या फरशीवर खडूने लिहीत गेला. पहिली ओळ क, ख, क, ख. दुसरी ग, घ, ग, घ. तिसरी पुन्हा पहिलीसारखी, चौथी दुसरीसारखी. व्हरांडा संपेपर्यंत लिहिलं. कुठेही, तिरप्यातसुद्धा, एक अक्षर स्वतःशेजारी आलं नाही. "भागलं बाप्पा," तो म्हणाला आणि हात झटकले.

हिंदीच्या बाईंनी त्याला नमस्कार केला, अक्षरशः दोन्ही हात जोडून. मोठ्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. पोरंही हसली. आठ शेजाऱ्यांपैकी सगळेच काही एकमेकांचे शेजारी नसतात, एवढी साधी गोष्ट एका एम.एस्सी. माणसाला दिसली नाही आणि बारावीला गणितात आपटलेल्या पेंटरच्या पोराला दिसली. त्या दिवशी मी डबा न खाता परत आणला. बायकोने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो.

पुढची दोन वर्षं मी त्याला पकडायची संधी शोधत होतो. ती मोबाईलवर सापडली. गणितावरच्या एका पानावर कोडं वाचलं. चौकोनी घरांची जाळी घ्या आणि प्रत्येक घरात एक रंग भरा. मग जाळीतला लहान-मोठा कोणताही उभा-आडवा आयत घ्या; त्याच्या चार कोपऱ्यांच्या घरांत चारही ठिकाणी एकच रंग येता कामा नये. तर कमीतकमी किती रंग लागतील? दहा ओळी आणि दर ओळीत दहा घरं असतील तर तीन रंग पुरतात, असं तिथे लिहिलं होतं. कसे भरायचे ते मी मुद्दाम पाहिलं नाही. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी स्वतः बसलो. अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कूलरपुढे वह्या फडफडत आणि माझा पारा चढत जाई. नव्वद घरं बसली की उरलेल्या दहात कुठेतरी कोपरे जुळायचेच. सुट्टी संपली, कोडं सुटलं नाही.

मग मी ते त्याच्यापुढे टाकलं. मला जमलं नाही हे अर्थातच सांगितलं नाही. म्हटलं, कमीतकमीचं एवढं वेड आहे ना तुम्हाला? घ्या.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "मस्त हाय. पण रंग कायले नासवा?" म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत त्याने पुठ्ठ्याची एक पाटी केली, घराघरात अंगठ्याने खळगा पाडला आणि तीन रंगांऐवजी तीन दाणे घेतले. तूर, ज्वारी आणि सरकी. चुकलं की दाणा उचलायचा, दुसरा ठेवायचा. कागद खोडायला नको, रंग पुसायला नको. मी सुट्टीभर चार वह्या फाडल्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं.

शाळा उघडली त्या दिवशी त्याने कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उत्तर आणलं. दहा ओळी, दहा उभ्या रांगा, तीन रंग. "पाहा बरं सर, चुकलं असन तं सांगा."

मी ते पान घरी नेलं. दहा बाय दहाच्या जाळीत दोन हजार पंचवीस आयत असतात. मी एकेक तपासला. टिक करत गेलो. चार संध्याकाळी लागल्या. बायको म्हणाली, पेपर तपासताना एवढं मन लावत नाही तुम्ही. देवाची शपथ सांगतो, मला त्यातला एक, फक्त एक आयत चुकलेला हवा होता. निघाला नाही.

पाचव्या दिवशी सगळी स्टाफरूम माझ्या तोंडाकडे बघत होती. "बरोबर आहे," मी म्हणालो. टाळ्या वाजल्या. कुणीतरी चहा सांगितला. तो आपला हसत बसला होता, त्याला कशाचाच गर्व नव्हता, आणि तेच मला जास्त झोंबलं. गर्व असता तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"दहाचं काय एवढं," मी म्हणालो. "आणखी एक ओळ जोडून दाखवा. अकरा ओळी, रंग तीनच."

"होते का ते?"

"होतं. मी स्वतः केलंय."

खोटं बोललो मी. त्याच पानावर खाली लिहिलं होतं की अकरावी ओळ जोडली की तीन रंगांत ते होऊच शकत नाही. ते सिद्ध करून दाखवलेलं होतं. मी पोरांना रागावलो, क्वचित हातही उगारला, पण खोटं गणित कधी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी ते केलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग बोटं पसरली, अंगठा आणि करंगळी मिटली, आणि उरलेल्या तीन बोटांकडे बघत म्हणाला, "तुमी केलं? मंग सांगू नका हो सर. मज्जा जाईन."

दोन महिन्यांनी तो निवृत्त झाला. शाळेने शाल दिली, नारळ दिला. भाषणाला उभा राहिला आणि म्हणाला, "येतो." कुटुंब घेऊन भातकुलीला निघून गेला. मला वाटलं, सुटलो.

सुटतो कसला. माझ्या डोक्यातून अकरावी ओळ जाईना. तो तिकडे बसला असेल, दाणे मांडत असेल, अडत असेल, हे बघायची मला इतकी घाई झाली होती की काय सांगू. पुढच्या वर्षी मीही निवृत्त झालो. लेक अमरावतीला दिलेली. महिन्यातून एकदा तिच्याकडे जायचो, तिथून भातकुली काही लांब नाही. पहिल्यांदा निघालो तेव्हा रिकाम्या हाताने कसं जावं म्हणून जुन्या शहरातल्या भट्टीवरून गरम फुटाण्यांची पुडी घेतली. "बाबा, तुमचं तिकडे काय काम असतं?" लेकीने विचारलं. "मित्र आहे," मी म्हणालो. हे आणखी एक खोटं, असं तेव्हा मला वाटलं.

ओसरीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खाट, खाटेवर ती पाटी. आता एकशे दहा घरांची. भोवती शेजारचा शिंपी, एक निवृत्त तलाठी आणि दोघं-तिघं. सगळे वाकून दाणे हलवत होते.

"या सर, या! जयभीम! बसा. पाच घरं अडते पाहा."

"पाच?"

"हौ ना. मांगं सहा अडत होते. आता पाच. प्रगती हाय!"

आणि हसला. शिंपी हसला, तलाठी हसला. मी ज्या कोड्यापायी चार वह्या फाडल्या, बायकोशी अबोला धरला, त्याहून अवघड, नव्हे, अशक्य कोड्यापुढे बसून हा माणूस हसत होता! मी त्याची फजिती बघायला अकोल्याहून आलो होतो आणि इथे जत्रा भरली होती. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, तर हा शेपटाशीच खेळत बसला होता. फुटाणे खाऊन मी परतलो. बसमध्ये माझा नुसता जळफळाट झाला.

पण पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो. त्याच्या पुढच्याही. फुटाण्यांची पुडी ठरलेली. "काढा सर फुटाणे, मंग पाहू," तो म्हणायचा. वहिनी चहा आणायच्या, अर्धा चमचा साखरेचा, आणि मला न विचारता माझ्या कपात आणखी एक चमचा टाकायच्या. आम्ही खायचो, दाणे हलवायचो, भांडायचो. "अहो तिथे तूर ठेवली तर हा आयत जुळतो, दिसत नाही का?" मी ओरडायचो. "दिसते हो, ओरडता कायले? शेजारी म्हणतीन, सराले काही झालं." घरी माझ्याशी एवढं कुणी बोलत नव्हतं. हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता लिहिताना सुचतंय.

तिसऱ्या वर्षी त्याचे डोळे गेले. एकदम नाही. काचबिंदू होता, आधी कडा गेल्या, मग मधलंही धूसर झालं. मी गेलो तेव्हा तो पाटीवर बोटं फिरवत होता. एका घरावर बोट थांबलं. "ही सरकी. केसाळ हाय. ही ज्वारी, बारकी. ही तूर, गुळगुळीत. पाह्यलं का सर, रंग वापरले असते तं आज बसलो असतो हातावर हात धरून."

रंगांच्या माणसाचे डोळे गेले होते आणि तो दाण्यांचं कौतुक करत होता. त्या दिवशी मला पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. हा म्हातारा माणूस माझ्या एका खोट्यापायी आंधळ्या बोटांनी न सुटणारी जाळी चाचपतोय, आणि मी समोर बसून फुटाणे सोलतोय. मी ठरवलं, बस्स झालं. आज सांगायचं.

"सर," मी म्हणालो, "ती अकरावी ओळ, मी तुम्हाला म्हणालो होतो ना..."

"सांगू नका!" त्याने हात वर केला. "एकदा सांगतलं ना, मज्जा जाईन. फुटाणे काढा बरं."

मी पुडी काढली. खरं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या खेपेला सांगू म्हटलं. पुढची खेप आली, तिच्या पुढची आली. प्रत्येक वेळी मी "सर, ते अकरा ओळींचं..." म्हणायचो आणि प्रत्येक वेळी तो हात वर करायचा.

मागच्या हिवाळ्यात तो गेला. दुपारी जेवून खाटेवर पडला, तो उठला नाही. तिथेही कमीतच भागवलं. मला दोन दिवसांनी फोन आला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी गेलो. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, वंदना. त्याचे जुने विद्यार्थी पातूरहून, अकोल्याहून आले होते. एकेक जण उठून लांबलचक बोलत होता. मला कुणीतरी बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, एम.एस्सी. फर्स्ट क्लास, चाळीस-चाळीस मिनिटं बोलणारा माणूस. काही सुचेना. "सर चांगले होते," म्हणालो, "राहतीलच," आणि खाली बसलो. ते शब्दही त्याचेच.

जेवणं झाली, माणसं पांगली. मी निघालो तशा वहिनी म्हणाल्या, "सर, थांबा जरा. तुमचं एक ठेवून आहे."

धान्याच्या कोठीमागून त्यांनी एक पाटी काढली. ही रोजची नव्हे. नवा पुठ्ठा, सरळ कडा, डोळे चांगले असतानाची. दहा ओळींतले दाणे डिंकाने चिकटवलेले, तूर, ज्वारी, सरकी. ते कॅलेंडरच्या पानावरचं उत्तर मी एका नजरेत ओळखलं. दोन हजार पंचवीस वेळा पाहिलं होतं. त्याखाली अकरावी ओळ. तिच्यात दहा फुटाणे, न चिकटवता ठेवलेले.

"वहिनी, हे कधीचं?"

"लय दिवस झाले. तुमी पह्यल्यांदा आले होते नं, त्याच्या दुसऱ्या दिवशी केलं त्याईनं. तुमच्याच पुडीतले दहा ठेवले. मले म्हणाले, तीनात नाई भागत, चौथा लागतेच. अन् चौथा सर घेऊन आले."

मी पाटीकडे बघत राहिलो. चौथा दाणा एकाच ओळीत असेल तर त्याचा आयत होतच नाही. आयताला दोन ओळी लागतात. तपासण्यासारखं काही नव्हतं. उत्तर पूर्ण होतं.

"मग ती दुसरी पाटी? ते रोज मांडून बसायचे ती?"

"रोज कुठं? तुमी यायचे त्या दिवशी. तुमचा फोन आला का सकाळीच म्हणत, आज सर येतीन, पाटी काढ, शिंप्याले बोलाव. अन् ही कोठीमांगं ठेवत."

"म्हणजे मी खोटं बोललो, हे त्यांना..."

वहिनी हसल्या. डोळे पुसता पुसता हसल्या. "तुमी स्टाफरूममधी म्हणाले, त्याच दिवशी घरी येऊन सांगतलं त्याईनं. म्हणे, सरानं खरंच केलं असतं तं साऱ्या अकोल्याले दाखवलं असतं. सर जिंकले अन् चूप बसले, असं होतच नाई."

एकवीस वर्षं शेजारी बसला होता माणूस. माझा एकेक कोपरा त्याने तपासला होता.

"मग बोलले का नाहीत हो? निदान भांडले असते माझ्याशी."

"म्या विचारलं. तं म्हणे, सांगतलं तं सर यायचे नाई."

मला त्याचा राग आला. आजही येतो. मी सांगायला तोंड उघडलं की हात वर करायचा! माझं एक धडधडीत खोटं त्याने असं बैजवार वापरलं, की मी त्याला फसवायला गेलो आणि महिन्याच्या महिन्याला मित्राकडे जाऊन आलो. लेकीला मी 'मित्र आहे' म्हणालो होतो, तेवढंच एक खरं निघालं. माफ करतानाही त्याने मला हरवलं, आणि मी जळतोच आहे. फक्त आता समोर बसून जळायला तो नाही.

"फुटाणे कडक कसे राहिले एवढी वर्षं?" मी उगाच काहीतरी विचारलं.

"बदलत होते ना. तुमी गेले की तुमच्या पुडीतले नवे दहा ठेवत. डोळे गेल्यावरही. बोटानं मोजून."

वहिनींनी पाटीवर पांढरा रुमाल बांधून दिला. भातकुली ते अमरावती, अमरावती ते अकोला, मी ती दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसलो. रस्ता तुम्हाला माहीत आहे. घरी येऊन रुमाल सोडला. दहा ओळी जशाच्या तशा होत्या. अकराव्या ओळीत नऊच फुटाणे होते, एक वाटेत कुठेतरी उडून पडला होता.

मी रुमाल झटकला, पिशवी उलटी केली, खाली वाकून पाहिलं. मिळाला नाही. मग सदऱ्याचा खिसा चाचपला आणि हाताला पुडी लागली. सकाळी निघताना, सवयीने, भट्टीवरून घेतली होती.

एक फुटाणा काढला आणि रिकाम्या घरात ठेवला.